मोरोच्या पायथ्याची बोली

कुंडलिका सह्याद्रीतून निघते, कोलाड आणि रोह्यावरून पश्चिमेला येते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला भेटताना चांगली ऐसपैस होते. मुखाच्या उत्तर तीरावर रेवदंडा, त्याला लागून चौल. दक्षिण तीरावरून एक अरुंद, लांबट डोंगर उत्तरेकडे पाण्यात घुसला आहे. त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. माथ्यावर किल्ला, समुद्राकडच्या उतारावर १९५५ साली बांधलेलं दीपगृह, आणि हा डोंगर जिथे जमिनीला चिकटतो तिथे कोर्लई गाव. पोर्तुगीज या डोंगराला ‘मोरो’, म्हणजे नुसतं टेकाड म्हणत. चौलच्या बाजूने पाहिलं तर नाव चुकीचं वाटत नाही.

गावात कोळीवाडा आहे, किनाऱ्यावर बोंबील-सुकट वाळत असते, वाड्या आहेत, भातशेती आहे. इथवर कोकणातल्या कुठल्याही किनारी गावासारखंच. वेगळेपण आहे ते माउंट कार्मेलच्या चर्चभोवतीच्या वस्तीत. तिथली आठशे-हजार माणसं घरात एक बोली बोलतात. तिला ती ‘नो लिंग’ म्हणतात. आपली भाषा, एवढाच त्याचा अर्थ. वर्तमानपत्रांतून दर काही वर्षांनी ‘पोर्तुगीज बोलणारं मराठी गाव’ अशा मथळ्याखाली तिच्यावर लेख येतो. मथळा आकर्षक असला तरी बरोबर नाही. लिस्बनचा माणूस इथे आला तर त्याला सुटे शब्द ओळखू येतील, पण चालू गप्पांत तो मागे पडेल. ही पोर्तुगीज नव्हे. पोर्तुगीजपासून इथेच, या खाडीच्या दोन तीरांवर तयार झालेली ती एक नवी भाषा आहे. भाषाशास्त्रात अशा भाषांना क्रिओल म्हणतात.

तिची कुळकथा चौलपासून सुरू होते. चौल फार जुनं बंदर. टॉलेमीला ते माहीत होतं, अरब प्रवाशांनी त्याला सैमूर म्हटलं, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी भारताच्या भूमीवर पहिल्यांदा उतरला तो इथेच. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. पोर्तुगीज आले तेव्हा चौल अहमदनगरच्या निजामशाहीत होतं. १५०८ साली चौलच्या पाण्यात इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा सुलतान यांच्या एकत्र आरमाराने पोर्तुगीजांना मार दिला. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी खाडीच्या उत्तर काठावर, आजच्या रेवदंड्यात, कोट बांधायला घेतला. पुढे त्याच्या तटाआत एक पुरं शहर वसलं. चर्चं, मठ, वखारी, रेशमाचा धंदा. फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा अजून माडांच्या वर डोकावतो. गावकरी त्याला सातखणी बुरूज म्हणतात.

या तटबंदीच्या आत कोण राहत होतं, हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा. जहाजांतून शिपाई, खलाशी आणि व्यापारी आले. बायका जवळजवळ आल्याच नाहीत. गोव्यात आल्बुकर्कने १५१० नंतर आपल्या माणसांची इथल्या स्त्रियांशी लग्नं लावून द्यायचं धोरण आखलं होतं, आणि पोर्तुगीजांच्या बाकी ठाण्यांतही तीच रीत पडली. म्हणजे कोटात पोर्तुगालच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले, वेगवेगळ्या धाटणीने बोलणारे पुरुष. त्यांच्या इथल्या बायका. घरकामाला, ओझी वाहायला गुलाम आणि नोकर, त्यांतले काही आफ्रिकेतून आणलेले. शिवाय बाप्तिस्मा घेतलेली आसपासची गरीब माणसं. या सगळ्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी सामाईक अशी एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे मालकाची पोर्तुगीज. तीही व्याकरणाच्या पुस्तकातली नव्हे, तर हुकूम सोडताना, सौदा करताना आणि शिव्या देताना वापरायची. या अर्ध्याकच्च्या पोर्तुगीजमध्येच पोरं वाढली, आणि पोरांनी तिची पूर्ण भाषा केली. क्रियापदांचा तो प्रचंड पसारा आटला, लिंगभेद झिजला, शब्दांची शेपटं गळाली. आंधळेपणाने ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणून तिची टिंगल पुष्कळांनी केली. ज्या भाषेत आई मुलाला झोपवते आणि शेजारणी तासभर भांडू शकतात, ती मोडकी कशी?

इथे वसईशी तुलना करावीशी वाटते. चौलपासून दमणपर्यंतचा किनारी पट्टा म्हणजे पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’. वसई त्याची राजधानी. वसईच्या परिसरातही हजारो लोक ख्रिस्ती झाले, पण त्यांची कादोडी किंवा सामवेदी बोली आजही मराठीच्याच कुळातली आहे. पोर्तुगीज तिथेही दोनशे वर्षं होते. मग फरक का? मला वाटतं, तिथे गावंच्या गावं बाटली. जमीन राहिली, जात राहिली, शेजार राहिला. भाषा बदलायचं कारणच पडलं नाही. कोटाच्या आत राहणाऱ्या माणसांची गोष्ट वेगळी होती. ती कुठकुठून तुटून आलेली होती. सगळ्यांचं मिळून एक असं गाव त्यांना नव्हतं, म्हणून सगळ्यांची मिळून एक भाषा त्यांना घडवावी लागली.

आता मोरोकडे. हा डोंगर खाडीच्या तोंडावर असल्यामुळे त्याच्या माथ्यावर ज्याची तोफ, त्याचं बंदर. पोर्तुगीजांची त्यावर नजर होतीच, पण निजामशहाने तो देण्याऐवजी स्वतःच त्यावर बांधकाम केलं. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला महिनोन्‌महिने वेढा घातला, तरी कोट पडला नाही. पुढे बुऱ्हाण निजामशहाच्या काळात पुन्हा युद्ध पेटलं आणि १५९४ साली पोर्तुगीजांनी मोरो जिंकला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं खाडीच्या मुखाचे दोन्ही काठ एकाच हातात राहिले. उत्तरेला शहर, दक्षिणेला किल्ला आणि त्याच्या पायथ्याला शेती. माणसांची ये-जा होडीतून. बोली तेव्हा दोन्ही काठांवर होती, आणि कोर्लई हे तिचं मुख्य घर नव्हतं.

मग १७३९ उजाडलं. चिमाजी आप्पांनी वसई घेतली. दुसरीकडे मराठी फौजा गोव्याच्या साष्टी-बारदेशात शिरल्या होत्या. गोवा वाचवायचा तर काहीतरी सोडणं भाग होतं. इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला आणि १७४० मध्ये चौल आणि मोरो मराठ्यांकडे आले. ज्यांना परवडत होतं ते पोर्तुगीज, त्यांची मिश्र कुटुंबं, अधिकारी, मठातले साधू गोव्याला किंवा दमणला गेले. शहर ओस पडलं; आज रेवदंड्याच्या कोटात माडापोफळीच्या वाड्या आहेत आणि पडक्या कमानींना वेली लगडल्या आहेत.

गेले ते इतिहासात नोंदले गेले. राहिले त्यांचं काय? गोव्यात ज्यांचं कोणी नव्हतं, ज्यांच्याकडे जहाजाचं भाडं नव्हतं, ज्यांना हातातलं शेतकाम सोडून जाणं शक्य नव्हतं, अशी थोडी कुटुंबं मागे उरली आणि कोर्लईच्या पायथ्याला एकत्र वसली. या बोलीचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी ही हकीकत मांडली आहे. त्यांचं ‘द जेनेसिस ऑफ अ लँग्वेज’ हे पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्यातला मला सर्वांत पटलेला मुद्दा असा की राज्य गेल्यामुळे ही बोली मेली नाही, उलट तिची वाढ मोकळी झाली. जोवर मालक समोर होता तोवर ‘शुद्ध’ पोर्तुगीजचा धाक होता. माणूस वर चढला की त्या शुद्ध भाषेकडे सरकायचा. मालक गेल्यावर तो धाक गेला. उरली फक्त पाद्र्याची पोर्तुगीज, आणि ती रविवारपुरती.

पण पाचपन्नास घरांची भाषा अडीचशे वर्षं टिकते कशी? आजूबाजूला सगळा मुलूख मराठी. बाजार मराठीत, न्यायनिवाडा मराठीत, शेजारी मराठी. एक तर पाणी. खाडीवर पूल नव्हता. रेवदंड्याला जायचं तर तरीने. भरती-ओहोटी बघायची, पावसाळ्यात तर खवळलेल्या मुखाकडे बघून घरी परत फिरायचं. जमिनीवरून जायचं तर रोह्याकडून भला मोठा वळसा. त्यातून हा कोपरा सरहद्दीचा. दक्षिणेला जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख, उत्तरेला आंग्र्यांचं कुलाबा. कोर्लईवरून कुठे पुढे जाण्याचा रस्ताच नव्हता, म्हणून बाहेरचं कोणी सहज येत नसे.

पाण्याइतकीच, किंबहुना त्याहून घट्ट, जात आड आली. हे लोक बाटले ते खालच्या समजल्या गेलेल्या जातींमधून. धर्म बदलला तरी शेजारच्या हिंदूंच्या लेखी त्यांची पायरी बदलली नाही, आणि वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांनीही त्यांच्याशी सोयरीक केली नाही. मुलगी बाहेर जाणार नाही, सून बाहेरून येणार नाही. मग चुलीजवळची भाषा बदलणार कुठून? नवी सून हीच कुठल्याही गावात नवी बोली घेऊन येणारी पहिली व्यक्ती असते. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत ती शेजारच्याच आळीतून येत होती. एखादी बोली जिवंत राहिली याचं कौतुक करताना ती कशाच्या बळावर जिवंत राहिली हेही बघावं लागतं. इथे त्यात तिरस्काराचा वाटा मोठा आहे.

आणि चर्च. गोव्याहून पाद्री येत, प्रार्थना आणि उपदेश पोर्तुगीजमध्ये होई, त्यामुळे बोलीला तिच्या आजीचा आवाज आठवड्याला एकदा तरी ऐकू यायचा. आडनावं रोचा, मार्तिस, रोझारियो. पण घराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. म्हणजे गेल्या आठ-दहा पिढ्यांत या वस्तीत मराठी न येणारं माणूस जवळजवळ झालंच नसावं. दोन भाषा एकाच जिभेवर इतका काळ नांदल्या की एकमेकींत शिरतातच, आणि इथे ती गंमत मुळातून बघण्यासारखी आहे.

पोर्तुगीजमध्ये कर्ता, मग क्रियापद, मग कर्म असा क्रम. सुरुवातीला ही बोलीही तशीच चालायची. हळूहळू क्रियापद मागे सरकत गेलं आणि आज ते आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येऊन बसतं. शब्द पोर्तुगीज, रांग मराठी. मोजताना लहान आकडे पोर्तुगीज, पुढचे मराठी. बाजारहाट मराठीत करणाऱ्या माणसाच्या तोंडात आणखी काय होणार?

क्रियापदांचं तर विशेषच. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गण. कोर्लईत ते तीन टिकले: ‘काता’ म्हणजे गाणे, ‘बेबे’ म्हणजे पिणे, ‘इर्गी’ म्हणजे उठणे. शेवटचा स्वर आ, ए किंवा ई. पण मराठी क्रियापदं घ्यायची तर ती यांपैकी कशात बसवायची? कोर्लईकरांनी त्यांच्यासाठी चौथा गण उघडला, ‘ऊ’चा. आपलं ‘लोटणे’ तिथे ‘लोटू’ झालं. मग त्याला बाकीच्यांसारखेच पोर्तुगीज वळणाचे प्रत्यय लागतात. क्रिया चालू असली की ‘न’ लागतो: गाण्याचं ‘कातान’, पिण्याचं ‘बेबेन’ आणि लोटण्याचं ‘लोटून’. मराठी माणसाला हा शब्द ऐकून वाटेल की हा आपलाच; आपण ‘दार लोटून आलो’ म्हणतो तो. पण तसं नाही. मूळ आपलं, शेवटचा ‘न’ मात्र थेट लॅटिनच्या घराण्यातला. कोणी पंडित बसून हे नियम ठरवायला आला नव्हता. शेतावर काम करणाऱ्या, अक्षर न गिरवलेल्या माणसांनी परक्या शब्दाला आपल्या व्याकरणात स्वतंत्र खण करून दिला, आणि तो खण अजून चालू आहे.

देवाणघेवाण एका बाजूची नव्हती, हे आपण विसरतो. पाव, बटाटा, पगार, चावी, घमेलं, लिलाव, इस्त्री, तुरुंग, नाताळ, मेस्त्री, बिजागरी ही सगळी त्याच जहाजांतून उतरलेली. शिंपी शर्टाला ‘काज’ पाडतो, तो शब्दही पोर्तुगीज ‘काझा’चा. पोर्तुगीजमध्ये काझा म्हणजे घर, आणि बटणाचं घर म्हणजेही काझाच. मराठीने त्यातलं बटणाचं तेवढं उचललं. कोर्लईने माणसाचं घर ठेवलं, आणि तेही ‘काज’च म्हणतात, ‘जहाज’मधल्या ‘ज’ने. पोर्तुगीज ‘झ’ला मराठी दातांनी दिलेला तो आकार दोन्हीकडे सारखाच निघाला. अर्थात आपण पन्नास-शंभर शब्द घेतले आणि थांबलो. त्यांनी अख्खी भाषा घेतली, आणि मग आपलं व्याकरण तिला जोडत गेले.

अशा बोली कोकणात एकट्या कोर्लईत नव्हत्या. आसगावचे गोमंतकीय पंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गाद यांनी १९०६ मध्ये उत्तर प्रांतातल्या इंडो-पोर्तुगीज बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मुंबई आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्त्यांत ती अजून ऐकू येत होती. पण मुंबईत इंग्रजीला भाव होता. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तिथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने गोवेकरांपासून वेगळी ओळख राहावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नावातूनच वारं कुठल्या दिशेला होतं ते कळतं. ज्या बोलींभोवती शहर वाढलं, त्या विरल्या. खाली केरळात, कोचीजवळच्या वैपीन बेटावर, तिथल्या क्रिओलचे शेवटचे जाणकार विल्यम रोझारियो २०१० मध्ये वारले आणि ती बोली त्यांच्याबरोबर संपली. दमण आणि दीवमध्ये अजून बोलणारे आहेत. पण तिथे पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होतं, शाळा-कचेऱ्या होत्या. राज्य गेल्यावर अडीचशेहून अधिक वर्षं, कसल्याही सरकारी टेकूशिवाय, अशी बोली चालू ठेवणारं कोर्लई या पश्चिम किनाऱ्यावर निराळंच म्हणायचं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र पटापट गोष्टी घडल्या. १९६० च्या दशकात रोमच्या धर्मसभेने उपासना लोकांच्या भाषेत करायला मोकळीक दिली. लोकांची भाषा कोणती? चर्चच्या दृष्टीने रायगडात ती मराठी, आणि त्यात गैर काही नव्हतं. पोर्तुगीज प्रार्थना मागे पडली. बोलीचा आजीशी असलेला उरलासुरला धागा तुटला. पोरं मराठी शाळेत. १९८६ साली रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये खाडीवर पूल झाला. तरीचा तास पाच मिनिटांवर आला, एसटी आली. नव्वदच्या दशकात साळावला पोलादाच्या धंद्यातला मोठा कारखाना उभा राहिला, परगावची माणसं आली, जवळपास रोजगार मिळाला. मुंबई जवळ आली. आता शनिवार-रविवारी अलिबाग-मुरूड रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या काही दीपगृह बघायला आत वळतात.

पूल व्हायला नको होता असं म्हणणारा लेखक मला पटत नाही. रात्री बाळंतीण अडली आणि खाडी खवळली की काय होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना बोलीभाषेचं संवर्धन सांगायला जाऊ नये. जातीची भिंत खिळखिळी होऊन बाहेरच्या सुना आल्या, तर तेही चांगलंच. नवी सून मराठी बोलते, नातवंडं तिच्याशी मराठी बोलतात, आजी नो लिंगमध्ये विचारते आणि उत्तर मराठीत मिळतं. काही आया मुद्दामच मुलांशी मराठी बोलतात, शाळेत अडू नये म्हणून. दुसरीकडे, गावाबाहेर नोकरीला गेलेले, मुंबईच्या एखाद्या कंपनीत भेटलेले दोन कोर्लईकर बाकीच्यांना कळू नये म्हणून याच बोलीत बोलतात, आणि त्यांना तिचा थोडा अभिमानही वाटू लागला आहे. पोर्तुगालहून अभ्यासक येतात, कॅमेरेवाले येतात, ‘काहीतरी बोलून दाखवा’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसांना यात गंमत वाटते. त्यांच्या लहानपणी हीच बोली ऐकून लोक हसायचे.

एक काम अजून बाकी आहे, ते लिपीचं. या बोलीला स्वतःचं लेखन कधी नव्हतंच. चर्चची पुस्तकं रोमनमध्ये, पण ती पोर्तुगीजची. अभ्यासकांनीही ही बोली रोमनमध्येच उतरवली, उलटे-सुलटे खास वर्ण वापरून, कारण रोमनच्या सव्वीस अक्षरांत तिचे आवाज मावत नाहीत. गावातल्या प्रत्येक पोराला मात्र जी लिपी येते ती देवनागरी. ‘काज’मधला तो दंततालव्य ‘ज’ रोमनमध्ये दाखवायला दोन अक्षरं लागतात. मराठी शाळेतल्या दुसरीच्या मुलाला तो एका अक्षरात, काही खुलासा न करता वाचता येतो. कोर्लईतल्या कोणी गोष्टींची चार पानं जरी या लिपीत उतरवली, तरी ती रेवदंड्याच्या कुठल्याही छापखान्यात सहज जुळवता येतील.